बंदराची मागची बाजू

पूर्णेतल्या एका ओळखीच्या घरातली मुलगी इंग्लंडात नोकरी करते. तिनं तिथल्या दक्षिण किनाऱ्याचे फोटो घरी पाठवले आणि ते या फोनवरून त्या फोनवर फिरत स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीपर्यंत आले. पांढरेशुभ्र उभे कडे, खाली हिरवट समुद्र, माथ्यावर गवताचं पठार. टपरीवर नेमानं येणारे एक निवृत्त रेल्वे गार्ड आहेत. नोकरीत त्यांनी निम्मा मुलूख ब्रेकव्हॅनमधून पाहिलेला. फोटो बघून ते म्हणाले, "सर, असं बघायला नशीब लागतं. आपुन कोरड्या मुलखातली माणसं. समुद्राचा आन् आपला काय संबंध?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. गार्डसाहेबांनी ते सहज म्हटलं होतं, पण मला ते लागलं. मराठवाड्याच्या माणसानं स्वतःबद्दल असं बोलण्याची इतकी सवय करून घेतली आहे, की हा प्रश्न आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडची समुद्राची सहल कशी असते, हे सांगायला नको. रात्रभराचा प्रवास, सकाळी अलिबाग नाहीतर गणपतीपुळे, ओले कपडे, वाळूनं भरलेल्या चपला, दुपारी किल्ल्याच्या दारात एक फोटो, संध्याकाळी परत. त्यात वाईट काही नाही. पण मी बऱ्याच वर्षांपासून एक फरक करत आलो आहे, आणि सहलीचा विषय निघाला की तो बोलून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. किनारा पाहणं वेगळं आणि बंदर पाहणं वेगळं. किनारा जिथं समुद्र आहे तिथं सगळीकडे आहे. बंदर मात्र माणसांनी वसवलेलं असतं आणि त्याला दोन बाजू असतात. एक पाण्याची. दुसरी जमिनीची, जिथून माल येतो आणि जिथं माल जातो. पर्यटक पाण्याच्या बाजूला उभा राहतो, समोर बघतो, फोटो काढतो. मागे वळून, हे गाव कुणाच्या जिवावर उभं राहिलं, असं कुणी विचारत नाही.

रेवदंड्याला गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं. पोर्तुगीजांच्या तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पडक्या भिंतींच्या मधून पाटाचं पाणी खेळतं, आणि झाडांच्या डोक्यावर जुन्या चर्चचा सातखणी मनोरा एकटा उभा आहे. तट जिथं संपतो तिथं लगेच वाळू लागते. येणारे बहुतेक लोक तटातून थेट वाळूवर जातात. मी तटापाशी रेंगाळतो. दगडांच्या सांध्यात चुना दिसतो. कोकणात शिंपले भाजून चुना करत. म्हणजे भिंत धरून ठेवणारी वस्तूही समुद्रातलीच.

रेवदंड्याच्या शेजारचं चौल हे त्याहून कितीतरी जुनं बंदर. अफनासी निकितीन नावाचा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी 1469 च्या सुमारास चौलला उतरला. त्याच्याबरोबर विकायला आणलेला एक घोडा होता. त्या काळी दख्खनच्या सुलतानांना, सरदारांना अरबी-इराणी घोडे लागत आणि ते समुद्रावरूनच येत. निकितीन त्या घोड्यामागे चौलहून जुन्नरला आला आणि तिथून बिदरला गेला. बिदर ही बहामनींची राजधानी, आमच्या नांदेड-लातूरच्या अगदी शेजारची. परतीची बोट त्यानं दाभोळला धरली. एक परदेशी माणूस चौलला कशासाठी उतरला, याचं उत्तर चौलमध्ये सापडत नाही. ते बिदरच्या बाजारात सापडतं. घोड्याला गिऱ्हाईक घाटावर होतं, म्हणून बंदर खाली होतं.

याहून जुना पुरावा पाहिजे असेल तर तो पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये आहे. ग्रीक भाषेत लिहिलेलं, खलाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या उपयोगाचं ते पुस्तक. त्यात पैठण आहे, तगर म्हणजे तेर आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून भरपूर जाडंभरडं कापड, शिवाय मलमल, गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई, असं त्यात म्हटलं आहे. त्याच पुस्तकात कल्याणचं नाव आहे, चौलचंही आहे. पैठणहून कल्याणकडे उतरायची वाट नाणेघाटातून जाई. त्या घाटाच्या माथ्यावर अखंड दगडात कोरलेला जकातीचा रांजण आजही आहे आणि जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. भोकरदनचं उदाहरण तर आणखी जवळचं. इटलीतलं पॉम्पेई 79 साली ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथल्या एका घरात 1938 साली भारतातली हस्तिदंती मूर्ती सापडली. तशाच घडणीच्या मूर्तीचा तुकडा भोकरदनच्या उत्खननात मिळाला. भोकरदन केळणा नदीवर आणि केळणा येऊन मिळते ती आमच्या पूर्णेला. ज्या नदीच्या खोऱ्यात ही टपरी उभी आहे, त्याच खोऱ्याचं पॉम्पेईशी हे असं नातं आहे.

आता त्या पांढऱ्या कड्यांकडे वळतो, कारण गार्डसाहेबांना हळहळ वाटली ती त्यांच्यासाठी. ते कडे खडूच्या दगडाचे आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या समुद्री शैवालांची कवचं उबदार समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षं साचत गेली. त्या थराची जाडी शेकडो मीटर झाली, आणि पुढे तो तळ वर उचलला गेला. त्यांपैकी बीची हेडचा कडा समुद्रापासून सुमारे 160 मीटर उंच आहे. खडू साचण्याचा तो कालखंड संपला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आणि त्याच सुमाराला आपल्याकडे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडून थरावर थर पसरत होता. त्याचाच हा दख्खनचा काळा पाषाण झाला. त्या पाषाणाची झीज होऊन आपली काळी माती झाली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, पावसात पायाला किलोकिलोनं चिकटणारी, ओल धरून ठेवणारी ही माती कापसाला मानवली. कापसाचं कापड झालं, कापड गाड्यांत चढलं आणि बंदरावर गेलं. आपल्या पायाखालचा काळा दगड त्या पांढऱ्या कड्यांच्या तोडीचा आहे, आणि माझ्या मते बंदरं वसवण्यात त्याचा हात जास्त मोठा आहे.

इथं थोडं आडवाटेला जाऊन सोपाऱ्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. मुंबईच्या लोकलनं नालासोपाऱ्याला रोज ये-जा करणाऱ्यांना कल्पना नसेल, पण ते पश्चिम किनाऱ्यावरचं एकेकाळचं नामांकित बंदर. भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली तिथला स्तूप खणला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथंच मिळाला. बौद्ध परंपरेत सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. तो सहा वेळा समुद्रावर जाऊन सुखरूप आला. सातव्या खेपेला श्रावस्तीचे व्यापारी त्याच्या जहाजावर होते. ते पहाटे आणि रात्री बुद्धवचनं म्हणत. ती ऐकून त्यानं चौकशी केली, श्रावस्तीला गेला आणि भिक्खू झाला. आमच्या गावाचं नाव नदीवरून पडलं, त्याचा या पूर्णाशी काही संबंध नाही. पण पूर्णेच्या बुद्धविहारात जमणाऱ्या माणसांना ही कथा परकी वाटत नाही, हे मी पाहिलं आहे. समुद्रावरचा माल सह्याद्री चढून वर आला तसा धम्माचा विचारही याच वाटांनी हिंडला. घाटवाटांच्या कडेला कोरलेली लेणी त्याची साक्ष आहेत.

हे सगळं मी गार्डसाहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, दोन हजार वर्षांपूर्वीचं ऱ्हाऊ द्या. वर्षाकाठी दोन दिवसांची सुट्टी भेटते. पोरं पाण्यात खेळायला जातात. तुम्ही त्यांना रांजण दाखवायला लागले तर ते पुढच्या खेपेला येतील का?" त्यांच्या या बोलण्यात तथ्य आहे. ज्या घरात सहल म्हणजे वर्षभर साठवलेले पैसे, तिथं लाटेत उभं राहण्याचा आनंद कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांचं पुढचं वाक्य मला मुळीच मान्य नाही. "समुद्र इथून तिथून सारखाच. आज बघितला काय, उद्या बघितला काय." समुद्र सारखा असता तर सोपारा समुद्रापासून इतकं आत का गेलं? खाडी गाळानं भरली आणि बंदर जमिनीत राहिलं. इंग्लंडातही तेच झालं. त्या पांढऱ्या कड्यांच्या पट्ट्यात सँडविच हे एकेकाळचं मोठं बंदर. आज ते समुद्रापासून दूर आहे, कारण मधला भाग गाळानं भरून आला. 1287 च्या वादळात त्याच किनाऱ्यावरच्या रोमनीजवळच्या नदीनं पात्र बदललं आणि रोमनीचं बंदर गेलं. कडेही स्थिर नाहीत. लाटा खालून पोखरतात, वरून खडूच्या दरडी कोसळतात आणि कडा वर्षागणिक थोडाथोडा मागं सरकतो.

गाळाचा विचार करताना मात्र माझा लाडका फरकच डळमळू लागला. किनारा निसर्गाचा, बंदर माणसाचं, असं मी म्हणत आलो. पण ज्या वाळूत आणि चिखलात पोरं खेळतात तो गाळ येतो कुठून? वरच्या जमिनीतून, नांगरलेल्या शेतांतून, तोडलेल्या रानांतून. बंदर भरतं त्याच जमिनीच्या मालानं आणि बुजतंही त्याच जमिनीच्या मातीनं. वाळूवर बसलेला माणूस बंदराच्या शेवटच्या थरावर बसलेला असतो.

आणि आपली माती तर कोकणात जातच नाही. सह्याद्रीच्या पलीकडच्या नद्या पश्चिमेला उतरतात. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटरवर, पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा आमच्या गावाच्या खाली तिला मिळते. आपल्याकडं बराचसा पाऊस अरबी समुद्राकडून येतो आणि वाहून जातो पूर्वेच्या समुद्राकडे. गोदावरीच्या मुखाजवळ कोरिंगा हे गजबजलेलं बंदर होतं. 1839 च्या वादळानं त्याची कंबर मोडली, आणि नदीच्या गाळानंही ते उथळ होत गेलं. त्या गाळात परभणीच्या रानातली काळी माती होतीच होती. आज उलटं झालं आहे. येलदरी, सिद्धेश्वर, जायकवाडी आणि खालची धरणं गाळ अडवतात. त्रिभुज प्रदेशाला पूर्वीइतकी माती मिळत नाही आणि तिथला किनारा झिजतो. काकीनाड्याजवळच्या उप्पाड्यात समुद्र गावात शिरतो आहे. आपण इथं अडवलेल्या मातीचा आणि तिथं वाहून जाणाऱ्या घरांचा संबंध आहे. आपला समुद्राशी काय संबंध, या प्रश्नाला यापेक्षा थेट उत्तर माझ्यापाशी नाही.

कोकणातली बंदरं आपली आहेत, हे मला गार्डसाहेबांना पटवायचं होतं. बोलता बोलता माझं मत पुढं सरकलं. कोकणातल्या बंदरांशी आपलं नातं जुन्या व्यापाराचं. ते अभिमानाचं आहे, पण संपलेलं आहे. पूर्वेच्या समुद्राशी आपलं नातं रोजचं, चालू, आणि जबाबदारीचंही आहे. मग पूर्णेच्या पोरांनी पहिला समुद्र कोणता पाहावा? माझं उत्तर आता अलिबाग नाही. नगरसोल–नरसापूर गाडी पूर्णेवरूनच जाते आणि तिचा शेवट गोदावरीच्या वसिष्ठ शाखेवर, समुद्राच्या जवळ होतो. सतराव्या शतकात इंग्रज तिथं सागवानाची जहाजं बांधून घेत. नरसापूरहून नदी ओलांडली की अंतर्वेदीची बाजू, आणि तिथं नदी समुद्राला मिळते. तिथल्या वाळूत पोरांना हवं तेवढं खेळू द्यावं. हे पाणी येलदरीवरून, आपल्या पुलाखालून आलं आहे, एवढं त्यांना एकदा सांगावं. रेवदंड्याला पुढच्या वर्षी जाता येईल, आणि तेव्हा नाणेघाटातून उतरावं.