हलक्या रिमचा सोस

माउंटन बाइकचं चाक नव्यानं बांधून घ्यायचं ठरलं की आपल्याकडच्या हौशी सायकलस्वाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रिम किती ग्रॅमची? दुसरा प्रश्न, कार्बन की अलॉय? आपलं वजन किती, आपण कुठल्या वाटेनं जातो, रिम चेपली तर ती सरळ कोण करणार, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. यात अज्ञानापेक्षा दिखाऊपणाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. म्हणूनच या विषयावर चार शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत.

गावोगावी अजून दिसणारी काळी, 28 इंची सायकल आठवून पाहा. तिच्या पुढच्या चाकाला 32 तारा आणि मागच्याला 40. स्वाराचं बरंचसं वजन आणि कॅरिअरवरचं ओझं मागच्या चाकावर येतं, म्हणून तिथे आठ तारा जास्त. ही रचना इंग्लंडहून आली, पण दूधवाल्यानं आणि पोस्टमननं ती इथे पिढ्यान्‌पिढ्या राबवली. तिची लोखंडी रिम जड होती, पावसात तिच्यावर ब्रेक धड लागत नसे. ती परत आणा असं मी म्हणत नाही. पण ओझं किती आणि ते कुठे पडतं हे आधी पाहून चाक ठरवण्याची जी रीत त्यात होती, ती आपण सोडून दिली.

चाकाला ताकद येते कुठून? जॉब्स्ट ब्रँट यांनी 1981 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे उलगडून दाखवलं. वजन पडलं की जमिनीकडच्या थोड्याशा तारांचा ताण कमी होतो. बाकीच्या तारांमध्ये फारसा फरक पडत नाही. ताण मुळातच पुरेसा आणि सगळीकडे सारखा असेल तर खालच्या तारा ढिल्या पडत नाहीत आणि चाक टिकतं. रिम ताठ असेल तर भार जास्त तारांमध्ये वाटला जातो. कुठे तार सैल, कुठे आवळलेली असली, तर तारा रिमशी आवळणारे निपल फिरू लागतात आणि एक दिवस तार हबजवळच्या वाकात तुटते. म्हणजे रिम कितीही महाग असो, ती बांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

तो हात एकदा जवळून पाहावा. मागचं चाक स्टँडवर चढवलेलं असतं. कारागीर दोन-दोन तारा चिमटीत दाबत फिरतो, मग एकेक तार बोटानं छेडून आवाज ऐकतो. गिअरच्या बाजूचा सूर वर असतो, डिस्कच्या बाजूचा खाली, कारण कॅसेटला जागा देण्यासाठी गिअरच्या बाजूची हबची कड आत सरकलेली असते. हा फरक कमी व्हावा म्हणून काही रिमांची भोकं मध्यापासून दोन-तीन मिलिमीटर बाजूला पाडलेली असतात. मागच्या चाकासाठी हा गुण वजनातल्या बचतीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

आता वजनाचंच बोलू. शर्यतीची 29 इंची अलॉय रिम साधारण 400 ग्रॅमची, रोजच्या डोंगरवाटांची 500 ते 600. दोन चाकांवर मिळून 200 ग्रॅम वाचले, तर सावकाश चढ चढताना तो फरक पेलाभर पाण्याएवढा. फिरणारं वजन दुप्पट जाणवतं असं सांगतात. ते खरं आहे, पण वेग वाढवताना. एकसारख्या चढावर ते एकपटच असतं. शर्यतीत सेकंदांचा हिशोब करणाऱ्याला हे 200 ग्रॅम महत्त्वाचे आहेत. रविवारी मित्रांबरोबर जाणाऱ्याला रिमच्या भिंतीतला तेवढाच धातू जास्त उपयोगी आहे.

आपली जमीनही ध्यानात घ्या. सह्याद्रीत बसाल्टचे धारदार, सुटे दगड, कोकणात जांभा, आणि त्यावर चार महिने पाऊस. कमी हवेच्या टायरमधून दगड लागला की अलॉय रिमची कड मुडपते. ती पान्यानं हळूहळू सरळ करता येते, आऊट काढता येतो, चाक घरी येतं. चांगली कार्बन रिम ताठ असते, सहजी आऊट होत नाही. हा तिचा खरा गुण आहे. पण तडा गेला की गल्लीतल्या कारागिराचे हात बांधले जातात. अलॉय रिम शेवटी भंगारात किलोवर जाते आणि वितळून पुन्हा कामाला येते. तडकलेली कार्बन रिम भंगारवाला घेत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: 2.4 इंची टायर असेल तर आतून 30 मिलिमीटर रुंदीची, 32 भोकांची अलॉय रिम घ्या. निपल पितळेचे घ्या. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचे निपल कुजतात, कार्बन रिममध्ये तर अधिकच. सहज मिळणारंच मॉडेल निवडा. पुढे रिम गेली तर तशीच नवी रिम जुन्या रिमला चिकटपट्टीनं बांधून तारा एकेक करून तिच्यात सरकवता येतात. हब तोच, शाबूत तारा त्याच.

उरलेले पैसे बांधणाऱ्याला द्या. रिमला हजारो रुपये निमूट मोजणारा माणूस बांधणीच्या मजुरीवर घासाघीस करतो, हे दृश्य मला असह्य होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणत हातांच्या कामाला ज्या महाराष्ट्रात शाळेत आणलं, तिथे हे शोभत नाही. मजुरी अशी कापत राहिलो, तर ही विद्या पोराला शिकवावी असं कुठल्या कारागिराला वाटेल?

पुढच्या वेळी चाक बांधायला टाकाल तेव्हा आपलं खरं वजन आणि खऱ्या वाटा त्याला सांगा, रिम त्याच्या सल्ल्यानं घ्या, आणि तो मागेल ती मजुरी पूर्ण द्या. पहिल्या काही फेऱ्यांनंतर तारा पुन्हा तपासून घ्याव्या लागतात. त्या कामाचेही पैसे विचारून द्या.