संयोगाची बाजू

दोन गोष्टी जोडल्या जातात म्हणजे नेमकं काय होतं? वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी याची दोन उत्तरं दिली. धागे आणि कापड यांचा संबंध समवायाचा. धागे वेगळे केले की कापडच उरत नाही. टेबल आणि पुस्तक यांचा संबंध संयोगाचा. तो जडतो, सुटतो, दोघं शाबूत राहतात. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकवताना विद्यार्थ्यांचा ओढा मला कायम समवायाकडे दिसे. अद्वैताचा आपल्यावर दराराच असा, की जे एकरूप झालं नाही ते कच्चं वाटतं. मला मात्र संयोगाची बाजू मांडायची आहे. साक्षीला आहे कोलोरॅडोत मुलाच्या गॅरेजमधला, गाडीमागे लावायचा सायकलचा रॅक.

घरात गाड्या दोन : मुलाची दांडगी एसयूव्ही आणि सूनबाईंची होंडा सिव्हिक. डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक घ्यायचा तर काचेचा उतार, कडा, स्पॉयलर सगळं बघावं लागतं. हिचला, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीला, लावायच्या रॅकला गाडीच्या रूपाशी फारसं देणंघेणं नसतं. बंपरखाली एक चौकोनी पोकळ नळी असते, रिसीव्हर. तिच्यात रॅकचा दांडा सरकवायचा आणि आरपार पिन घालायची. वैशेषिकांच्या जोडीच्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचं, माकड आठवतं. ते फांदीवर बसलं, तर झाडाशी त्याचा संयोग फांदीपाशी असतो, बुंध्यापाशी नाही. संयोग वस्तूला सर्वांगानं व्यापत नाही. म्हणूनच एक रॅक दोन निराळ्या गाड्यांना चालू शकतो.

मात्र जिथे जुळायचं, तिथे कुचराई चालत नाही. सिव्हिकचा रिसीव्हर सव्वा इंची, एसयूव्हीचा दोन इंची.

“दोन इंचीच घेऊ, सिव्हिकला अडॅप्टर लावू,” मुलगा म्हणाला.

“आणि ताण कोण घेणार?” सूनबाईंनी माहितीपत्रकच पुढे सरकवलं.

त्यांचं बरोबर होतं. अशा अडॅप्टरनं भार गाडीपासून आणखी मागे जातो आणि तेवढ्याच वजनाचा ताण वाढतो. बऱ्याच रॅकना तो लावायला मनाईच असते. उलट सव्वा इंची दांड्यावर स्लीव्ह चढवली की तो दोन इंचीत नीट बसतो.

मग वजनाचा हिशेब. सव्वा इंची, क्लास वन हिचवर उभा भार साधारण 200 पौंड चालतो, दोन इंची, क्लास थ्रीवर 800 पर्यंत. आमचा रॅक सुमारे 50 पौंडांचा, सूनबाईंची ई-बाइक 60 ची. हिच, रॅक आणि गाडी या तिघांच्या मर्यादांतली जी सर्वांत लहान, तीच खरी. शेवटी चाकं धरणारा, ट्रेचा रॅक ठरला, कारण ई-बाइकला वरचा आडवा दांडा नाही, टांगणार कशाला? ती एसयूव्हीवरच न्यायची, सिव्हिकवर साध्या दोन सायकली, असाही तह झाला.

वैशेषिक संयोगाचे तीन प्रकार सांगतात. ससाणा येऊन खांबावर बसतो, तिथे एकाचीच हालचाल. दोन मेंढे टकरा घेतात, तिथे दोघांची. तिसरा संयोगातून जन्मणारा : हात पुस्तकाला लागला की शरीरही लागलं. सायकल गाडीला जोडली जाते ती या तिसऱ्या रीतीनं, रॅकच्या मध्यस्थीनं. समवाय नित्य मानलेला, त्याची देखभाल कुणी करत नाही. संयोग विभागानं संपतो. म्हणून निघण्यापूर्वी पिन तपासावी लागते, बोल्ट आवळावा लागतो. ही काळजी मला त्याची उणीव वाटत नाही. ज्याला सुटण्याची मुभा आहे, ते टिकवण्यात माणसाचं काही कर्तृत्व असतं.

परक्या देशात नांदणाऱ्या मुलांना कुणी म्हणतं तिथलेच व्हा, कुणी म्हणतं आपलेच राहा. दोघंही समवायच मागतात. एकरूप होणं मोक्षाच्या वाटेवर लागत असेल. शेजाराला, सासरला, नव्या गावाला संयोग पुरतो. मुलांकडे त्याहून जास्त मागू नका, आणि तेवढ्याची हयगय मात्र खपवून घेऊ नका.