मी नाही, माझ्यातलं पाप?

आजचे वाचन : रोमकरांस पत्र 7:14-25, लूक 19:1-10



रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय मी पहिल्यांदा नीट वाचला तो स्वतःला वाचवायला. म्हणजे तारणासाठी नव्हे, आईच्या रागातून सुटायला.

झालं असं की आईने भिशीचे बावीस हजार रुपये कपाटात साड्यांखाली ठेवले होते. ते मी काढले आणि अडीच महिन्यांत दारूत घालवले. तेव्हा संध्याकाळी सहाला ऑफिस सुटलं की पहिली क्वार्टर, आणि रविवारी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेत पुढच्या बाकावर. पकडला गेलो तेव्हा आईसमोर हाच अध्याय उघडला. म्हटलं, बघ, पौलसुद्धा कबूल करतो की त्याला नको ते त्याच्या हातून होतं, आणि त्याचं खापर तो आपल्यात राहणाऱ्या पापावर फोडतो. प्रेषिताची ही गत, तर मी कोण?

आई शांतपणे म्हणाली, "बरं. मग ते पाप महिन्याला किती फेडणार आहे, तेवढं विचारून सांग."

या एका वाक्यावर मी गेली दोन वर्षं विचार करतोय.

प्रश्न खरंच अवघड आहे. व्यसन हा आजार आहे असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर आहे. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. (म्हणून कुणी "गोळ्या फेक, फक्त प्रार्थना कर" म्हणालं तर कृपा करून ऐकू नका. लूक स्वतः वैद्यच होता.) पण आजारच असेल तर दोष माझा कसा? आणि दोष माझा असेल, तर पौलाची ती हतबलता खोटी का?

खोटी नाही. मी त्याला अर्धाच वाचला होता. आपली दशा सांगून झाल्यावर पौल ओरडतो, मला यातून कोण सोडवील म्हणून. बहाणा करणारा माणूस सुटका मागत नाही, त्याला फक्त समोरच्याने गप्प बसायला हवं असतं. पौल देवाशी बोलत होता आणि मी आईला गप्प करत होतो.

1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारुडे एकमेकांना भेटले. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत जात होते. त्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली म्हणजे आपण दारूपुढे हतबल आहोत हे मान्य करणं. आणि नववी म्हणजे ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई. सुरुवातीला मीटिंगमध्ये बसून मला हे विचित्र वाटायचं. जो हतबल आहे तो भरपाई काय करणार?

उत्तर मला जक्कयाकडे मिळालं. येशूने झाडाखाली उभं राहून त्याला हिशेब विचारला नाही, मी आज तुझ्याकडे उतरणार एवढंच सांगितलं. चौपट परत देण्याचं जक्कय स्वतः बोलला. आधी पाहुणा घरी आला, मग पैसे बाहेर निघाले. मला वाटायचं आधी मी सुधारायचं आणि मग प्रभूला बोलवायचं. त्या नादात चार वर्षं गेली.

एका रात्री मी उंबऱ्यावर बसून, प्यायलेल्या अवस्थेतच, त्याला आत ये म्हणालो. दुसऱ्या दिवशी चमत्कार वगैरे झाला नाही. पाळकांनी मला डॉक्टरांकडे नेलं. आठ महिन्यांनी एकदा स्लिपही झाली, आणि त्या वेळी पौलाचं नाव न घेता मी आईला सरळ सांगितलं, "मी प्यायलो."

दर महिन्याच्या एक तारखेला तिला पाकीट देतो. ती नोटा मोजते, दोनदा मोजते, वहीत लिहिते. तिने लगेच विश्वास ठेवावा असं म्हणायचा हक्क मला नाही. साडेसात हजार बाकी आहेत.

प्रार्थना : प्रभू, आज संध्याकाळी सहा ते नऊ मला सांभाळ. आणि हे वाचताना ज्याच्या खिशात दुसऱ्याचे पैसे आहेत, त्याच्याही घरी उतर. आमेन.