संशय, तवक्कुल आणि इयादत

वजू नीट झाला की नाही, या शंकेने पुन्हा पुन्हा कोपर धुणारा माणूस मशिदीच्या हौजावर आपण कधीतरी पाहिलेला असतो. तिकडे जमात उभी राहते, तरी याचे धुणे संपत नाही. 'आणखी एकदा धू' असा सल्ला कोणताही जाणकार आलिम त्याला देत नाही. फिकहचा नियमच आहे, की खात्रीची गोष्ट नुसत्या संशयाने रद्द होत नाही.

आजाराची धास्ती घेतलेल्या माणसाचेही असेच होते. छातीत कळ आली की त्याला हार्ट अटॅक दिसतो, डोके दुखले की मेंदूत गाठ. ईसीजी चांगला निघतो. दोन दिवस बरे जातात. मग मनात येते, डॉक्टरांच्या नजरेतून काही सुटले असेल तर? भीतीने छाती धडधडते आणि ती धडधडच त्याला आजाराचा पुरावा वाटते. त्याचा त्रास खोटा नसतो; त्रासाचा लावलेला अर्थ चुकतो. नवा रिपोर्ट म्हणजे पुन्हा धुतलेले कोपर.

अशा माणसाला आपण काय म्हणतो? 'तुझे ईमान कमजोर झाले. तवक्कुल ठेव.' मौत ठरल्या वेळीच येणार, हे त्यालाही ठाऊक असते. आपल्या बोलण्याने त्याची भीती जात नाही, वर गुन्हेगार असल्याची भावना येते. मग तो बोलणेच सोडतो.

उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही आपली शिकवण. एकदा नीट तपासणी करणे म्हणजे उंट बांधणे. रात्रभर उठून गाठ चाचपत बसणे म्हणजे तवक्कुल नव्हे. पण तो गुनाहही नव्हे, तो आजार आहे. अबू जैद अल-बल्खी (मृत्यू 934) यांनी शरीराच्या आरोग्यावर लिहिताना मनाच्या आरोग्याला वेगळा भाग दिला आणि त्यात राग, भीती, दुःख व वस्वसा यांचा स्वतंत्र विचार केला. आज मानसोपचारात विचारांची फेरतपासणी करायला आणि सारखी खातरजमा करण्याची सवय हळूहळू सोडायला शिकवतात. त्याने अनेकांना आराम पडतो. प्रत्येक आजाराला इलाज आहे असे आपण मानतो, तर मनाचा आजार त्यातून वगळायचा कसा?

हाड मोडलेल्याच्या घरी आपण फळे घेऊन इयादतीला जातो, उशाशी बसतो, दुआ करतो. या माणसाच्या घरी मात्र कुणी जात नाही. गेलो, तर उपदेश करायला जातो. तोही बीमारच आहे. त्याच्याही उशाशी थोडा वेळ बसायला हवे.