अडवलंय कुणी?

मागच्या हिवाळ्यात उमरखेडला एका स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी क्वार्टरबॅकची गोष्ट सांगितली. मांडवातल्या कुणी अमेरिकन फुटबॉलचा एक तरी सामना पाहिला असेल असं वाटत नाही. मी स्वतः दोन पाहिलेत, भाच्याच्या कृपेनं, आणि त्यातला दीड मला कळला नाही. पण गोष्ट रंगली. ब्रॉक पर्डी नावाचा पोरगा, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा. व्यावसायिक लीगच्या 2022च्या निवडीत 262वा, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी उचललेला. अशा शेवटच्या गड्याला तिकडे थट्टेनं हिशेबात नसलेला म्हणतात. त्यानंच सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला फेब्रुवारी 2024मध्ये सुपर बोल या अंतिम सामन्यात नेलं आणि 2025मध्ये त्याचा पाच वर्षांचा करार झाला साडेसव्वीस कोटी डॉलरचा. एवढं सांगून पाहुणे पहिल्या रांगेतल्या कबड्डीच्या पोरांकडे वळले. "गुणवत्ता कधी लपत नाही. मग तुम्ही का नाही? तुम्हाला अडवलंय कुणी?" टाळ्या पडल्या. विद्यापीठाचे कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या पोरांनीही वाजवल्या.

अडवलं कुणीच नाही, हे खरंच आहे. प्रो कबड्डी 2014पासून सुरू आहे. निवड चाचण्या होतात, त्यांची पत्रकं मोबाइलवर फिरतात, एसटीचं तिकीट काढून कुणीही जाऊ शकतो. अलीकडच्या हंगामांत लिलावातल्या सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमत 9 लाख होती. दार उघडं आहे आणि दारावर पाटीही आहे. तरी हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे, कारण तो विचारणाऱ्याला वाटतं की दार उघडं म्हणजे काम संपलं.

आपली पोरं वर का येत नाहीत, यावरच्या इतर मतांबद्दल मला फार बोलायचं नाही. निवडीत राजकारण चालतं म्हणतात, चालतं. तालुक्याला क्रीडा संकुल झालं की खेळाडू आपोआप होतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी संध्याकाळी सहाला कुठल्याही एका संकुलात चक्कर मारून यावी. पालकांची मानसिकता बदला म्हणणारे स्वतःची मुलं कोट्याच्या क्लासेसना पाठवतात. माझं भांडण आहे ते 'गुणवत्ता लपत नाही' या एका वाक्याशी. ते ऐकायला उदार वाटतं, पण त्याच्या पोटात एक निर्दय हिशेब आहे. जो वर आला नाही त्याच्यात ती नव्हतीच, असा.

आधी पर्डीचंच घ्या. पाहुण्यांनी त्याची गोष्ट 262व्या क्रमांकापासून सुरू केली. ती तिथं सुरू होत नाही. त्याआधी 2018 ते 2021 असे चार हंगाम तो आयोवा स्टेट विद्यापीठाकडून खेळला, साठ हजारांवर प्रेक्षक बसतात अशा मैदानावर. चार वर्षं त्यानं चेंडू फेकला, चुकीचा फेकला, प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात उतरला. तिकडचा नियम असा, की शाळा सुटल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय व्यावसायिक निवडीला उभंच राहता येत नाही. कॉलेजातही चार हंगाम खेळायला पाच वर्षं मिळतात. एक वर्ष संघात राहायचं, सराव करायचा, जेवायचं आणि सामन्यांपासून दूर राहून फक्त अंगानं नि डोक्यानं वाढायचं, अशी सोय त्यात आहे. निवड झाल्यावरही पर्डी तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून बाकावर होता, पगार घेऊन. पुढचे दोघं जायबंदी झाले तेव्हा डिसेंबरात त्याची पाळी आली. तो शेवटचा होता तो फक्त यादीत. आणि शेवटचेच कशाला, पहिल्या फेरीतले नामवंतही थांबलेत. पॅट्रिक महोम्स 2017मध्ये दहावा निवडला गेला आणि पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण बसून राहिला. ॲरन रॉजर्स तीन वर्षं बसला. क्वार्टरबॅकला चेंडू हातात आल्यापासून तीनेक सेकंदांत ठरवायचं असतं. ते तीन सेकंद शिकायला वर्षं जातात, आणि ती वर्षं कुणीतरी पदरचं घालून विकत घेतलेली असतात.

मी अमेरिकेची आरती करत नाही. तिथल्या कॉलेज फुटबॉलमधले शंभरात दोनसुद्धा व्यावसायिक होत नाहीत. विद्यापीठांनी पिढ्यानपिढ्या या पोरांच्या जिवावर कमाई केली आणि त्यांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली ती 2021मध्ये. डोक्याला बसणाऱ्या माराचं तर बोलायलाच नको. पण उदाहरण द्यायचंच तर पूर्ण द्या.

माझं म्हणणं एवढंच, की संधी आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण सतत पहिलीबद्दल बोलतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा फरक कुणाला समजावून सांगावा लागू नये. कर्ज सावकारही देतो. पण पाऊस लांबला, दुबार पेरणी आली, तर थांबायला कोण तयार आहे, यावर वर्ष तगतं की जातं ते ठरतं. संधी एका दिवसाची असते. मुदत म्हणजे त्या दिवशी चुकलं तरी उद्या येऊ देणं.

इथं कुणीतरी उमेश यादवचं नाव घेतं. नेहमी घेतं. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, थेट भारताकडून कसोटी खेळला, मग? मग त्याची गोष्टही नीट वाचा. त्याला आधी पोलिसात नाहीतर सैन्यात जायचं होतं. ते जमलं नाही. जमलं असतं तर आज तो कुठल्या तरी ठाण्यात हवालदार असता, आणि पाहुण्यांचं वाक्य जसंच्या तसं खरं राहिलं असतं, कारण लपलेली गुणवत्ता कुणाला दिसतच नाही. पुढे प्रीतम गंधेंसारख्या विदर्भाच्या कर्णधारानं त्याला जवळ केलं, 2008मध्ये तो रणजी खेळला, 2011मध्ये कसोटी. म्हणजे दार उघडलं ते भरतीचं दार बंद झाल्यामुळे आणि एक माणूस पाठीशी उभा राहिल्यामुळे. याला व्यवस्था म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

त्यापेक्षा अमरावतीचा जितेश शर्मा मला जास्त शिकवतो. 2016मध्ये मुंबई इंडियन्सनं त्याला 10 लाखांत घेतलं आणि एकही सामना दिला नाही. आयपीएलमधला पहिला सामना तो खेळला 2022मध्ये, पंजाबकडून. भारताची टोपी 2023मध्ये, बंगळूरूचे 11 कोटी त्यानंतर. संधी आणि खेळ यांच्यात सहा वर्षांचं अंतर! त्या सहा वर्षांत विदर्भाचं क्रिकेट होतं, सामने होते, मानधन होतं, नागपूरला मैदान होतं. म्हणून तो 2022पर्यंत खेळाडू राहिला. त्याच सहा वर्षांत आमच्याकडचा कबड्डीपटू काय राहतो, ते पाहू.

उमरखेड पैनगंगेच्या अलीकडे आहे. नदी ओलांडली की मराठवाडा. दवाखान्याला आम्ही नांदेडला जातो, खासदार हिंगोली मतदारसंघाचा निवडतो, आणि खेळायला अमरावतीला, कारण विद्यापीठ तिथलं. त्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914चं, त्याच्या पथकानं 1936मध्ये बर्लिनला कबड्डी दाखवली, हे सगळं आम्ही भाषणात ऐकत आलो. पण कॉलेजच्या पोराचं वर्ष म्हणजे आंतरमहाविद्यालयीन सामने, निवड झाली तर शिबिर, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. थोड्या दिवसांचा खेळ, बाकी गावोगावचे खुले सामने. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला की तेही संपलं.

आमच्या गल्लीत एक उजवा कोपरा आहे, म्हणजे कबड्डीत त्या जागेवर खेळणारा बचावपटू. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. घोटा पकडण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या तालुक्यांत मी पाहिला नाही. झेप घेण्याआधी तो उजव्या पायाची बोटं मातीत रुतवतो, अगदी नांगराच्या फाळासारखी, आणि चढाईपटूनं बोनससाठी पाय टाकला की सुटतो. विभागीय सामने मॅटवर झाले. पायात बूट. बोटं रुतायला जागाच नाही. पहिल्या डावात तीनदा त्याची झेप अर्धा क्षण उशिरा गेली, तिन्ही वेळा चढाईपटू गुण घेऊन मध्यरेषेपलीकडे गेला, आणि त्याला बसवलं. ही गुणवत्तेची उणीव नव्हे. पायाला नवी सवय लावायची होती. त्याला रोजची मॅट हवी, सोबत बरोबरीची सहा पोरं हवीत, आणि चुकायला काही महिने. ते त्याला कुठल्याही गावात, कुठल्याही भावात मिळाले नाहीत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खरोखर अडचणीचा वाटतो. लोक म्हणतात, वेळ तर या पोरांकडे ढीगभर आहे. पदवी घेऊन पारावर बसलेत. खरं आहे. पण रिकामा वेळ म्हणजे मुदत नव्हे. मुदत दुसऱ्यानं द्यायची असते. तिला तारीख असते, तिच्यात दोन वेळचं जेवण धरलेलं असतं, आणि ती संपेपर्यंत घरचे "काय ठरवलंस?" असं विचारत नाहीत. पारावरच्या पोराला हा प्रश्न रोज विचारला जातो. या अर्थानं आमच्या भागात मुदतीच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पोलीस भरती. तिला अभ्यासक्रम आहे, वयाची अट आहे, किती गुणांना काय ते लिहिलेलं आहे. पहाटे साडेचारला पुसद रस्त्यानं धावणारी पोरं भित्री आहेत, त्यांच्यात जिद्द नाही, असं जे म्हणतात त्यांची मला चीड येते. जिथं कुणीतरी अटी लिहून दिल्यात तिथं ती धावताहेत. खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणानं तर कबड्डीचं प्रमाणपत्र हेच कबड्डीचं फळ होऊन बसलं. खेळायचं कशाला, तर प्रमाणपत्राला. पडताळणी झाली की बूट खुंटीला.

मुंबईत एकेकाळी ही मुदत कंपन्या देत. महिंद्रा, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांचे संघ होते. पोरगा नोकरीला लागे आणि खेळत राही. ते जग आता आटलं आहे, आणि विदर्भातल्या कोपऱ्यापर्यंत तर ते कधी पोचलंच नव्हतं. लीग आली, पण लीग तयार माल विकत घेते. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानच्या अस्लम इनामदारनं 2024मध्ये पुणेरी पलटणला विजेतेपद मिळवून दिलं, त्याचा मला अभिमानच आहे. त्याचं नाव घेऊन उद्या कुणी इथल्या पोरांना "अडवलंय कुणी?" विचारेल, तेव्हा मला पुन्हा तोंड बंद ठेवावं लागेल. मांडवात वाद घालायचा नसतो.

मोठ्या योजना मला सुचत नाहीत. विद्यापीठानं दरवर्षी पदवी संपलेल्या दहा कलर होल्डरांना दोन वर्षं मॅट, खानावळ आणि थोडं मानधन द्यावं. दोन वर्षांनी ते अपयशी ठरले तरी पैसे परत मागू नयेत. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, आणि अनुदान मंजूर करणाऱ्यांना तीच सगळ्यात अवघड जाईल.

तो उजवा कोपरा सध्या पहाटे पुसद रस्त्यावर असतो. मैदानी चाचणी 50 गुणांची आहे. 1600 मीटर धावणं 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. घोटा पकडण्याला त्यात गुण नाहीत.