बिबट्या कुणाच्या हद्दीत आला?

आमची सोसायटी काशिमीऱ्यात. गच्चीवरून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. बिल्डरच्या जाहिरातीत हेच डोंगर होते आणि त्यांच्यासाठी आम्ही जादा पैसेही मोजलेत. गेल्या महिन्यात रात्री मागच्या भिंतीवर बिबट्या दिसला. सकाळपर्यंत ग्रुपवर पत्र तयार: वनखात्याने पिंजरा लावून त्याला लांब नेऊन सोडावं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझी राहिली.

पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडलो. 'बिबट्या आमच्या हद्दीत घुसला.'

उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. २०१८च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात तिथे आणि आसपास ४७ बिबटे मोजले गेले. उद्यानाला कुंपण घालणाऱ्यांच्या आधीपासून इथे वारल्यांचे पाडे आहेत. १९९७मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला, तेव्हापासून पाड्यांतल्या माणसांनाही आपण इथलेच आहोत हे कागदांनी सिद्ध करावं लागतंय. माझ्याकडे मात्र सेल डीड आहे. कागद असला की माणूस रहिवासी, नसला की घुसखोर. बिबट्याकडे तर आधार कार्डही नाही.

चेण्याकडच्या एक मावशी आमच्या नाक्यावर रानभाज्या विकतात. त्यांना बिबट्याचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्याची वाट हाय ती. आमी वाघबारशीला वाघोबाला कोंबडं देतो, नारळ देतो. तरी बकरी नेतो कधी." म्हणजे वाघोबा ही विम्याची पॉलिसी नव्हे. नुकसान होणार हे धरूनच त्यांनी शेजार मान्य केलाय.

पिंजऱ्याचं काय होतं, तेही ठाऊक आहे. २००१नंतर जुन्नरमधून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले, तर जिथे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. आपली भीती आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडली होती.

एवढं सगळं कळल्यावर सही न करणं सोपं वाटलं. मग रात्री मागच्या गेटवरच्या वॉचमनकडे गेलो. तो खुर्ची भिंतीपासून लांब ओढून बसला होता. "तुम्ही चौदाव्या मजल्यावर, साहेब," तो हसत म्हणाला. बाजूलाच आमचा उघडा कचरा, त्यावर सात-आठ कुत्री. कुत्री हे बिबट्याचं ठरलेलं खाणं. म्हणजे ताट आम्हीच वाढून ठेवलं होतं आणि ताटाशेजारी पहाऱ्याला एक माणूस बसवला होता.

माझ्या तत्त्वाची किंमत हा माणूस मोजणार असेल, तर ते तत्त्व माझं कसं? मावशी वाघोबाला देतात ते स्वतःच्या घरातलं. मी काय देतोय?

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं: पिंजरा नको. कचऱ्याला बंद खोली, मागे दिवे, रात्री दोन वॉचमन. मेंटेनन्स थोडा वाढेल.

पिंजऱ्याच्या पत्रावर साठ सह्या आहेत. माझ्या मेसेजला आतापर्यंत तीन अंगठे आलेत. येत्या रविवारी मीटिंग आहे. वॉचमनलाही बोलवा, असं मी कळवलंय.