झाडे मत देत नाहीत

निवडणूक जवळ आली की साप्ताहिक सत्संगानंतर, चहाचे कप हातात असताना, एक प्रश्न हमखास निघतो. साधकाने मत कोणाला द्यावे? ज्येष्ठ मंडळी हसून सांगतात की आपण कोणत्याही पक्षाचे नाही, प्रत्येकाने आपल्या विवेकाने मत द्यावे. उत्तर बरोबरच आहे. पण 'विवेक' हा शब्द उच्चारला की आपण थांबतो. तो विवेक मतदान यंत्रासमोर उभा राहिल्यावर नेमके काय करतो, हे आपण एकमेकांना विचारत नाही.

मला हा प्रश्न पडला तो 2023 च्या विधानसभा निवडणुकीत. रायपूरचे मतदान 17 नोव्हेंबरला होते. दिवाळी नुकतीच झाली होती आणि मी गच्ची धुऊन खाली आले होते. हात कोपरापर्यंत काळे. रायपूरकरांना ही काजळी सांगायला नको, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. तिथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, पोलादाचे कारखाने आहेत. वारा तिकडून आला की गच्चीवर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या पापडांवर बारीक काळी भुकटी बसते. रात्री काढलेली पांढरी रांगोळी सकाळी राखाडी दिसते.

तेवढ्यात प्रचाराची मंडळी दारात आली. गळ्यात पक्षाचा गमछा घातलेला एक विशी-बाविशीचा मुलगा पत्रक पुढे करत होता. मी माझे काळे हात त्याला दाखवले आणि विचारले, "बाळा, तुमचे उमेदवार या धुराबद्दल काही बोलतात का? झाडांबद्दल, खारून नदीबद्दल?" तो अगदी निर्मळपणे हसला आणि म्हणाला, "चाची, पेड़ वोट देते हैं क्या?"

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला कोणीतरी शिकवलेले निवडणुकीचे गणित त्याने मला सांगितले, इतकेच. मला उत्तर सुचले नाही. मी पत्रक घेतले आणि दार लावले. पण ते वाक्य त्यानंतर कित्येक दिवस ध्यानाला बसले की आधी येऊन बसायचे.

आपण सत्संगाच्या शेवटी रोज सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची प्रार्थना करतो. डोळे मिटून, मनापासून करतो. त्या 'सर्व'मध्ये मुंगी येते, हत्ती येतो, अजून जन्माला न आलेले नातवंडही येते. आणि मतदानाला जाताना आपण विचार करतो तो आपल्या गल्लीतल्या रस्त्याचा, आपल्या जातीच्या माणसाचा, आपल्या खात्यात जमा होणाऱ्या पैशांचा. प्रार्थनेतले 'सर्व' मतदान केंद्राच्या फाटकाबाहेर थांबते. मी कोणाला दोष देत नाही, माझेही वर्षानुवर्षे तेच झाले आहे.

एक प्रसंग सांगते. तो सांगताना अजून लाज वाटते. रायपूरपासून उत्तरेला, सरगुजा, कोरबा आणि सूरजपूर या जिल्ह्यांत हसदेव अरण्य आहे. सुमारे 1 लाख 70 हजार हेक्टरांचे सलग साल वृक्षांचे जंगल. हत्तींचा वावर असलेले, हसदेव नदीचे पाणलोट क्षेत्र. ही नदी पुढे महानदीला मिळते आणि तिच्यावरच्या बांगो धरणाच्या पाण्यावर जांजगीर-चांपाकडची भातशेती पिकते. जंगलाखाली कोळसा आहे. 2009-10 च्या सुमारास केंद्राच्याच पाहणीत या भागाला खाणींसाठी 'नो-गो' म्हणजे निषिद्ध ठरवले होते. तरी 2011 साली तिथल्या एका मोठ्या खाणीला वनमंजुरी मिळाली. गावांच्या ग्रामसभा विरोधाचे ठराव करत राहिल्या.

ऑक्टोबर 2021 मध्ये तिथले सुमारे साडेतीनशे गावकरी रायपूरला पायी आले. 4 तारखेला निघाले आणि सुमारे 300 किलोमीटर चालून 13 तारखेला पोहोचले. त्या दिवशी नवरात्रातली अष्टमी होती. मी रायपुरातच होते. आमच्याकडे पूजेची गडबड, फुले आणायची, नैवेद्य करायचा. देवीला आपण वनदुर्गा म्हणतो, शाकंभरी म्हणतो. तिच्या जंगलातली माणसे फाटलेल्या चपलांनी माझ्या शहरात शिरत होती आणि मी झेंडूचे भाव करत होते. ते येऊन गेले हे मला वर्तमानपत्रातून कळले. आठवड्याभरात, 21 ऑक्टोबरला, त्याच जंगलातल्या दुसऱ्या एका खाणीला केंद्राची अंतिम वनमंजुरी मिळाली.

यानंतर जे घडले ते कोणत्याही पक्षाच्या समर्थकाने शांतपणे वाचावे. मार्च आणि एप्रिल 2022 मध्ये त्या वेळच्या राज्य सरकारने खाणींना पुढची परवानगी दिली. त्या सरकारच्या पक्षाचे मोठे नेते 2015 साली, विरोधी बाकावर असताना, त्याच गावांत जाऊन जंगलाच्या बाजूने उभे राहिले होते. मग 26 जुलै 2022 ला छत्तीसगड विधानसभेने हसदेवमधले कोळशाचे पट्टे रद्द करावेत असा ठराव केला, तोही एकमताने. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी हात वर केले. दीड वर्षाने सरकार बदलले. डिसेंबर 2023 मध्ये नवे मुख्यमंत्री शपथ घेऊन दहा दिवसही झाले नव्हते, तोच पोलीस बंदोबस्तात तिथली झाडे तोडली जात होती. विरोधात असताना जंगल प्रिय आणि सत्तेत आल्यावर कोळसा प्रिय, यात दोन्ही बाजू सारख्याच ठरल्या.

म्हणून 'पर्यावरणाला प्रथम स्थान देऊन मत द्या' असे कोणी म्हटले की मला प्रथम शंका येते. कोणत्या चिन्हाला? हसदेवने दाखवले की याचे उत्तर जाहीरनाम्यात सापडत नाही.

मग त्या मुलाचे वाक्य मी उलट बाजूने वाचून पाहिले. झाडे मत देत नाहीत. नदी देत नाही, हत्ती देत नाही. पुढची पिढी अजून मतदार यादीत नाही. हसदेवच्या गावकऱ्यांना मत आहे, पण नव्वद जागांच्या विधानसभेत त्यांची संख्या इतकी थोडी की त्यांच्यामुळे कोणी पडत नाही आणि कोणी निवडून येत नाही. म्हणजे ज्यांच्याकडून काहीही मिळणार नाही, अशांशी उमेदवार कसा वागतो, याची परीक्षा इथे आपोआप होते. मतदारासमोर प्रत्येक उमेदवार हात जोडतो, त्यावरून काही कळत नाही. एखाद्या माणसाची पारख तो साहेबाशी कसा बोलतो यावरून करू नये, चहा आणून देणाऱ्या पोऱ्याशी कसा बोलतो यावरून करावी, असे आमचे आजोबा सांगत. नदी आणि जंगल हे राजकारणातले ते पोरे आहेत. त्यांच्याशी जो नीट वागतो, तो उद्या माझ्या मताची गरज संपल्यावर माझ्याशीही नीट वागण्याची थोडीतरी शक्यता आहे.

हीच परीक्षा मतदार म्हणून माझीही होते. गीतेतला निष्काम कर्माचा विचार आपण किती वेळा ऐकला असेल. पण फळाची अपेक्षा न ठेवता करायचे कर्म रोजच्या संसारात शोधायला गेले तर सापडत नाही. सेवेतही कुठेतरी कौतुकाची आशा असते. मत मात्र गुप्त असते. ते हसदेवच्या सालवृक्षासाठी दिले तर वृक्ष आभार मानणार नाही, शेजाऱ्याला कळणार नाही, पंतवंडाला माझे नावही ठाऊक नसेल. पाच वर्षांतून काही मिनिटे तरी अशी संधी मिळते.

इथे एक अडचण आहे आणि ती मी टाळणार नाही. माझ्या घरातली भाकरी सिलतऱ्यात भाजली गेली आहे. माझे यजमान तिथल्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षे नोकरीला होते. गच्चीवरची काजळी आणि महिन्याचा पगार एकाच चिमणीतून आला. मुलांची शिक्षणे त्यातून झाली. आता निवृत्तीनंतर, पंख्याखाली बसून मी 'आधी पर्यावरण' म्हणावे आणि ज्याचा मुलगा आज भट्टीवर कामाला आहे त्याने ते ऐकावे, यात एक प्रकारचा अन्याय आहे. तो पंखाही कोळशाच्याच विजेवर चालतो.

यजमानांपुढे हा विषय काढला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कारखाना बंद कर असं कोणी सांगतच नाहीये. ईएसपी चालू ठेवा म्हणताहेत." ईएसपी म्हणजे चिमणीच्या आधी बसवलेले, धुळीचे कण विजेच्या साहाय्याने पकडणारे यंत्र. ते वीज खाते आणि वीज म्हणजे पैसा. म्हणून रात्री, कोणी पाहत नाही तेव्हा, ते बंद ठेवले जाते ही रायपुरातली जुनी तक्रार आहे. ते चालू ठेवल्याने एकाही कामगाराची नोकरी जात नाही, मालकाचा नफा थोडा कमी होतो. 'पर्यावरण की रोजगार' असा जो झगडा आपल्यापुढे मांडला जातो, त्यातला बराचसा भाग असा आहे. तो नफा आणि देखरेख यांच्यातला झगडा आहे, गरिबाचे पोट पुढे करून लढवला जाणारा.

सगळाच नाही. हसदेवसारख्या ठिकाणी खरोखर एक काहीतरी सोडावे लागते. इक्वेडोर देशात 20 ऑगस्ट 2023 रोजी यासुनीच्या जंगलातले तेल जमिनीतच ठेवायचे का, यावर सार्वमत झाले आणि सुमारे 59 टक्के लोकांनी ठेवायचे म्हणून मत दिले. त्यातल्या बहुतेकांनी ते जंगल कधी पाहिलेही नसेल. पण तेलावर ज्यांचे पोट आहे अशा तिथल्या प्रांतांत बहुमत उलटे होते. त्यांना अज्ञानी म्हणण्याचा अधिकार मला नाही. आपल्या शेजारच्या ओडिशात मात्र 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नियमगिरीच्या बारा ग्रामसभांना विचारले गेले आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. त्या डोंगरावर त्यांचा देव राहतो, असे त्यांनी सांगितले. तिथे प्रश्न सरळ होता, हो की नाही. आपल्या मतात तो प्रश्न रस्ता, वीज, जात, धर्म आणि साड्यांच्या गठ्ठ्यात बांधून येतो. गठ्ठा सोडवून तो वर काढून ठेवणे एवढेच 'प्रथम स्थान' या शब्दाने मला म्हणायचे आहे. बाकीचे विषय खोटे आहेत असे नाही.

'नोटा'चे बटण दाबावे का, असेही मला दोन साधक भगिनींनी विचारले. छत्तीसगडने हे बटण 2013 साली, देशात पहिल्यांदा वापरणाऱ्या राज्यांबरोबर वापरले. मी एकदा दाबले आहे. माझे मत असे झाले की ते मौन आहे, आणि मौन साधनेत चांगले. पण पाच वर्षे काहीही न विचारता शेवटच्या दिवशी पाळलेले मौन म्हणजे रुसवा. निकालावर त्याचा परिणामही होत नाही.

रायपूरला येणाऱ्या साधकांना आपण बूढा तलावातला स्वामी विवेकानंदांचा पुतळा आवर्जून दाखवतो. बालवयात, 1877 च्या सुमारास, ते इथे राहायला आले. तेव्हा नागपूरहून पुढे रेल्वे नव्हती. बैलगाडीने जंगलातून प्रवास करताना त्यांनी एका डोंगराच्या भेगेत वरपासून खालपर्यंत लोंबणारे मधमाश्यांचे अवाढव्य पोळे पाहिले. किती काळापासून त्या इवल्या जीवांनी ते बांधले असेल, या विचारात त्यांचे भान हरपले आणि भानावर आले तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ध्यानाचा तो त्यांचा पहिला खोल अनुभव मानला जातो. त्याला जंगल लागले, डोंगर लागला, माश्या लागल्या. पुतळ्याला हार घालताना मी हे कधी लक्षात घेतले नव्हते.

फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा मी एक छोटी गोष्ट केली. आमच्या वॉर्डात पार्षदपदाला, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकपदाला, उभे असलेले जे जे दारी आले त्यांना एकच प्रश्न विचारला. आपल्या गल्लीतला नाला शेवटी कुठे जातो? हा प्रश्न मुद्दाम छोटा निवडला होता. आपण ज्या खारूनचे पाणी पितो आणि कार्तिक पौर्णिमेला महादेव घाटावर जिच्यात डुबकी मारतो, तिलाच शहराचे नाले मिळतात. एकाने सांगितले की नाला पक्का बांधून देऊ. दुसऱ्याने मोबाईल क्रमांक लिहून घेतला. तिसऱ्या बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "नहीं मालूम, दीदी." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, प्रचार सुरू होण्याआधी, स्कूटीवर आल्या. आम्ही दोघी नाक्याला पदर लावून जिथपर्यंत जाता आले तिथपर्यंत त्या नाल्याच्या कडेने गेलो. वाटेत त्यांनी तिघांना थांबवून विचारले की पूर्वी इथे तळे होते का. एका म्हाताऱ्या सायकल दुरुस्तीवाल्याने हाताने दाखवले, इथपासून तिथपर्यंत होते. आता तिथे दुकाने आहेत.

मी त्यांना मत दिले. त्या निवडून आल्या नाहीत. परवा भाजी घेताना भेटल्या तेव्हा म्हणाल्या की तो सायकलवाला त्यांना अजून बोलावतो, तळ्याच्या काठावरची वडाची जागा दाखवायची राहिली आहे म्हणतो. रविवारी सत्संगानंतर आम्ही तिकडे जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी चहा झाल्यावर फाटकापाशी थांबावे.